चालून आणलेली नावं

परवा पाचोऱ्याच्या बाजारात भरताची वांगी आली. हिरवी, अंगावर पांढरट रेघा असलेली, एका हातात न मावणारी. विकणारी बाई प्रत्येक वांगं तळहातावर तोलून दाखवत होती, हलकं असलं की बिया कमी, म्हणून. संध्याकाळी कुणाच्या तरी मळ्यात कापसाच्या काड्या पेटल्या आणि त्यांचा धूर रूळ ओलांडून आमच्या गल्लीपर्यंत आला. आमच्याकडे थंडी अशीच येते. अंगाला कळायच्या आधी नाकाला कळते.

हा धूर आला की मला एक हिवाळा आठवतो. पाचोऱ्याचा नाही, पिंपळनेरचा. मी तिथे माध्यमिक शाळेत भूगोल शिकवत होते तेव्हाचा. त्या हिवाळ्यात माझ्यावर चोरीचा आळ आला होता, सगळ्या लोकांदेखत. आणि त्याच हिवाळ्यात मी जिंकले, तेही सगळ्यांदेखत. साध्या नोकरदार बाईच्या वाट्याला असं स्वच्छ, खणखणीत जिंकणं कितीदा येतं? माझ्या वाट्याला एकदा आलं. म्हणून मी ते पुन्हापुन्हा आठवत बसते, आणि त्याची मला लाजही वाटत नाही.

पिंपळनेरची सकाळ पश्चिमेच्या डोंगरावरून खाली यायची. आधी उसाच्या शेतांवर धुकं, मग कौलांवर, मग शाळेच्या पटांगणात. प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या पोरी तोंडातून वाफ काढून एकमेकींना दाखवायच्या. डोंगरातल्या पाड्यांवरून येणाऱ्या पोरींचे पाय दवानं गुडघ्यापर्यंत भिजलेले असायचे. त्यांना मी एकदा सांगितलं, घरापासून शाळेपर्यंतचा नकाशा काढा. गावातल्या मुलांनी दोन सरळ रेघा आणि एक चौक काढला. पाड्यांवरच्या पोरींनी वहीची जोडपानं भरून टाकली. ओढा कुठे वळतो, मोह कुठे आहे, कोणत्या खडकावर बसून दम खायचा, सगळं. मी मोबाइलवर तोच भाग उघडला. तिथे नुसता हिरवा रंग होता. एक वाट नाही, एक नाव नाही.

त्या पोरींमधली सविता दिवाळीनंतर शाळेत आलीच नाही. दोन आठवडे वाट पाहून मी तिच्या घरी जायचं ठरवलं. हजेरीत पत्ता होता, नुसतं 'आंबापाडा'. स्टँडसमोर चारचौघांना विचारत उभी होते, तेव्हा छोट्या टेम्पोत कापूस पिंजायचं यंत्र चढवणारा एक माणूस म्हणाला, "बसा मॅडम. मी तिकडंच चाललोय."

"मोबाइलमध्ये तो पाडाच दिसत नाही हो," मी म्हणाले.

"मोबाइलमध्ये नाही म्हणून पाडा काय उठून गेलाय?"

हे इक्बालभाई. पिढीजात पिंजारी. त्यांचे वडील खांद्यावर कापूस पिंजायची धुनकी घेऊन पाड्यापाड्यांवर गाद्या भरत फिरायचे. इक्बालभाईंनी यंत्र घेतलं, टेम्पो घेतला, वाटा मात्र वडिलांच्याच ठेवल्या. थंडी पडली आणि नवा कापूस घरात आला की त्यांचा हंगाम सुरू व्हायचा. कापसाचे तंतू त्यांच्या भुवयांवर, मिशीवर बसलेले असायचे. ते हसले की थोडे उडायचे.

सविताच्या घरी पोहोचलो तर ती दारात तान्ह्या भावाला मांडीवर घेऊन बसली होती. आई बाळंतीण, वडील कापूस वेचायला पारोळ्याकडे गेलेले. घरात एक म्हातारी शेक देत होती. सत्तरीची, काटक, आवाज मात्र डोंगराच्या पलीकडे जाईल असा. ही जमनाअक्का, सात पाड्यांची सुईण. मला आपादमस्तक न्याहाळून ती अहिराणीत म्हणाली, "कोनी पोर शे तू? मास्तरीन शे का? एवढी दूर चालीसन उनी?"

सविता आठ दिवसांनी शाळेत आली. पण तोवर माझ्या डोक्यात तो हिरवा, कोरा मोबाइल बसला होता.

जगभरचे लोक हौसेनं, कुणाकडून काही न घेता भरत असलेला एक नकाशा आहे. कोणीही त्यात भर घालावी, कोणीही तो वापरावा. मी तो शिकायला बसले. त्याचा पहिला नियम मला फार आवडला. दुसऱ्याच्या नकाशावरून काहीही उतरवायचं नाही. स्वतः पाहिलेलं, स्वतः विचारलेलं, तेवढंच लिहायचं. दहावीच्या परीक्षेत पर्यवेक्षक म्हणून फिरताना मी हेच तर सांगत आले होते.

मग दर रविवारी, दर सुटीला आम्ही निघायचो. इक्बालभाई, मी आणि बहुतेक वेळा जमनाअक्का, कारण कुठल्या तरी पाड्यावर तिची कुणी ना कुणी अडलेली असायचीच. इक्बालभाईंच्या फोनमध्ये गेलेली वाट आपोआप रेघ होऊन उमटायची. ते म्हणायचे, "मी गाद्या भरतो, फोन रस्ता भरतो." टेम्पो जाईना तिथे चालायचं. सागाची मोठी पानं पायाखाली पापडासारखी मोडायची. भात काढून झालेल्या खाचरांतून ओल्या पेंढ्याचा वास यायचा. दुपारी कुणाच्या तरी ओट्यावर नागलीची भाकरी आणि लसणाची चटणी. मी वहीत लिहायचे, अक्का सांगायची.

काय एकेक नावं! एका चढावर बैल बसून जायचे, म्हणून ती बैलबसनी. एका ओढ्याचं नाव मुकी, कारण तो पुरातही आवाज करत नाही. एका वळणाला नुसतं 'हाश' म्हणत, कारण तिथे पोहोचल्यावर प्रत्येक जण तेवढंच म्हणतो. भूगोलाची पदवी घेऊन मी डोंगराची व्याख्या पाठ केली होती. डोंगराशी लोक बोलतात कसे, हे मला त्या दोन महिन्यांत कळलं. संक्रांत जवळ आली तोवर सातही पाडे, त्यांच्या वाटा, विहिरी, ओढे, जमिनीतून पाणी झिरपतं ते झिरे नकाशावर आले होते. वर्गात मी मोबाइल दाखवला तेव्हा सविता उठून उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, "मन्हं घर!"

आणि मग एके दिवशी मधल्या सुटीत निरोप आला.

नकाशाची राखण करणाऱ्या जुन्या स्वयंसेवकांचा होता. तुमच्या नोंदी एका छापील, हक्क राखून ठेवलेल्या नकाशावरून उतरवल्याची तक्रार आली आहे, निर्णय होईपर्यंत त्या झाकून ठेवल्या आहेत. मी नकाशा उघडला. पुन्हा तोच हिरवा रंग. मुकी नाही, हाश नाही, आंबापाडा नाही. शिक्षकखोलीत कुणीतरी चहा पुढे केला, तो मी हातात धरून तशीच उभी राहिले.

तक्रार केली होती जळगावच्या चौधरी सरांनी. निवृत्त अभियंते. त्यांच्या गटानं जळगावच्या गल्ल्यान् गल्ल्या नकाशावर आणल्या होत्या, आणि मी जे काही शिकले होते त्यातलं अर्धं त्यांनीच लिहून ठेवलेल्या धड्यांवरून. त्यांच्या गटानं नुकतीच पश्चिमेच्या डोंगरपट्ट्याची एक नकाशा-पुस्तिका छापली होती. तिच्यात आमचीच नावं होती, त्याच जागी, त्याच अक्षरांत. सरांचं म्हणणं, पाहणी आम्ही गेल्या उन्हाळ्यात केली, छपाईला वेळ लागला, मधल्या काळात कच्ची पानं कुठून तरी या बाईंच्या हाती पडली असणार. शेवटी त्यांनी सगळ्यांना दिसेल असं एक वाक्य लिहिलं होतं. 'शिक्षकी पेशातल्या व्यक्तीनं हे करावं, याचं दुःख होतं.'

मी माझ्या वह्यांचे फोटो पाठवले. उत्तर आलं, वही नंतरही लिहिता येते. इक्बालभाईंच्या फोनमधल्या रेघा पाठवल्या. उत्तर आलं, यावरून तुम्ही तिथे गेलात हे कळतं, नावं कुठून आली ते कळत नाही. बरोबरच होतं म्हणा. माझ्या जागी दुसरं कुणी असतं तर मीही हेच लिहिलं असतं.

तिसऱ्या दिवशी वर्गात फळा पुसत होते. मागून सविताचा आवाज आला. "मॅडम, तुम्ही कॉपी करी म्हने. खरं शे का?"

तिनं ते चिडवायला विचारलं नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. आमच्या घराण्यातली मी पहिली शिक्षिका. बाबा रेल्वेत गँगमन होते. खांद्यावर हातोडा घेऊन पाचोऱ्याच्या दोन्ही बाजूंचे रूळ त्यांनी आयुष्यभर चालून तपासले. माझ्या पदवीचं प्रमाणपत्र त्यांनी बाबासाहेबांच्या तसबिरीखाली लावलं होतं. आमच्या घरात परीक्षेतला प्रत्येक गुण स्वतःचा असायलाच हवा होता, कारण बाहेर कुणी ना कुणी संशय घ्यायला टपलेलंच असायचं. 'कॉपी' हा शब्द मला नुसता लागला नाही. तो पार त्या तसबिरीपर्यंत गेला.

"नाही केली," मी सविताला म्हणाले. "आणि तुला ते दाखवीन."

दाखवणार कसं, हे माहीत नव्हतं. शाळा सुटल्यावर बाबांना फोन केला. सगळं ऐकून घेऊन त्यांनी विचारलं, "तू चाललीस ना त्या वाटांनी?"

"चालले, बाबा."

"ते चाललेत का?"

"म्हणतात तरी तसं."

"मग त्यांना वाट विचार. चाललेला माणूस अडत नाही. तू उत्तरं कसली देत बसलीस? तू विचार."

ही गोष्ट इतकी साधी होती, पण आळ आला की आपणही प्रश्न विचारू शकतो हेच सुचत नाही. मी ती पुस्तिका मागवली.

पुस्तिका आली त्या दिवशी मी ती घेऊन तडक इक्बालभाईंच्या दुकानात गेले. यंत्र सुरू होतं, सगळ्या दुकानात कापूस तरंगत होता. मी पान उलटत होते आणि प्रत्येक पानागणिक धीर खचत होता. सुरेख छपाई, सुबक अक्षरं. बैलबसनी, मुकी, हाश. आमचंच सगळं, पण त्या गुळगुळीत कागदावर ते त्यांचंच वाटत होतं. मग झिऱ्यांचं पान आलं. मी वाचलं. पुन्हा वाचलं. मग ओरडून म्हणाले, "इक्बालभाई, यंत्र बंद करा!"

यंत्र थांबलं. मी मोठ्यानं वाचून दाखवलं. 'मास्तरीनपडनी झिरा. जुने स्थाननाम. फार पूर्वी एक शिक्षिका येथे पाय घसरून पडली व मरण पावली, अशी आख्यायिका वृद्ध ग्रामस्थ सांगतात.'

ते असे हसले, असे हसले की पिंजलेल्या कापसाच्या ढिगावर मागच्या मागे जाऊन पडले.

त्या झिऱ्याला नाव नव्हतंच. आम्ही तिथे गेलो तो दिवस मला लख्ख आठवतो. नुकतंच भात निघालं होतं, ऊन कोवळं होतं, आणि मी मोठ्या ऐटीत वही उघडून विचारलं होतं, "अक्का, या झिऱ्याचं नाव काय?"

"झिराले काय नाव ऱ्हास व माय? पानी शे. पी नि वाट धर."

"तरी पण, काही तरी म्हणत असतील ना?" असं म्हणत मी एक पाऊल पुढे टाकलं आणि शेवाळावरून जी घसरले ती थेट चिखलात बसले. वही एकीकडे, चप्पल एकीकडे. अक्कानं आधी पोट धरून हसून घेतलं, मग हात देऊन मला उठवलं आणि म्हणाली, "नाव पाह्यजे ना तुले? मंग लिखी ले. मास्तरीनपडनी झिरा!" इक्बालभाईंनी तिथल्या तिथे ते फोनमध्ये घातलं. मी रागावले, मग मलाही हसू आलं, मग ते काढून टाकायचं राहूनच गेलं.

आज विचार करते तेव्हा वाटतं, दोन महिन्यांत मी किती काटेकोर होते. प्रत्येक नाव दोघांना विचारून घ्यायचे. आणि वाचवलं मला कशानं, तर त्या एका थट्टेनं. खरी नावं सगळ्यांना सारखीच सापडू शकतात. आमचा तो गाढवपणा मात्र फक्त आमचा होता.

संक्रांतीनंतरच्या रविवारी धुळ्यात एका वाचनालयाच्या सभागृहात स्वयंसेवकांची बैठक होती. निवाडा तिथेच व्हायचा होता. सकाळी इक्बालभाईंचा टेम्पो आला, तर पुढच्या सीटवर नऊवारी नेसून, डोक्यावर पदर घेऊन जमनाअक्का बसलेली.

"अक्का, तुम्ही कुठे?"

"मन्हा पाडानी नावं कोन आपली म्हनी ऱ्हायना, त्याले देखानं शे माले."

सभागृहात तीसेक माणसं होती. बहुतेक तरुण, पाठीवर बॅगा, मांडीवर लॅपटॉप. निवाडा करायला नाशिकहून एक बाई आल्या होत्या, शांत, कमी बोलणाऱ्या. चौधरी सर पुढे बसले होते. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात व्यवस्थित लावलेली फाइल. मला वाटलं होतं तसे ते उर्मट मुळीच नव्हते. उभे राहून त्यांनी आपली बाजू मांडली तेव्हा त्यांच्या आवाजात खरोखरच वाईट वाटल्याचा सूर होता. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

माझी पाळी आली. मी वह्या उघडल्याच नाहीत.

"सर, ही नावं तुमच्या गटानं कशी जमवली?"

"प्रत्यक्ष पाहणी करून. आमचे लोक गेल्या उन्हाळ्यात तिथे जाऊन आले."

"झिऱ्यांच्या पानावरची ती एक नोंद वाचता का?"

त्यांनी चष्मा लावून ठाशीव आवाजात ती वाचली.

"ही आख्यायिका कुणी सांगितली, सर?"

"लिहिलंय ना, वृद्ध ग्रामस्थांनी."

"ती शिक्षिका कोण होती, हे विचारलं का त्यांना?"

"इतकी जुनी गोष्ट. नाव कसं कळणार?"

"कळेल, सर," मी म्हणाले. "ती शिक्षिका मी आहे. आणि मी अजून जिवंत आहे."

आधी कुणाला समजलंच नाही. मग मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. तेवढ्यात अक्का उभी राहिली. तिला कुणी बोलावलं नव्हतं, माइकची तिला गरजही नव्हती.

"ती मरनी नही. हाई काय, तुमना म्होरे उभी शे. मीच तिले हात धरीसन उठाडं. त्या झिराले नाव नव्हतंच. मीच गंमतमा ठेवं. दिवाळी व्हयनी, भात निंघना, आन मंग हाई पडनी. तुम्ही म्हनतस उन्हाळाम्हा उनथात. उन्हाळाम्हा त्या झिराले पानीच नही ऱ्हास. मंग चिखल कथाईन व्हई, आन पडी कोन?"

नाशिकच्या बाईंनी खाली मान घालून तोंडावर हात धरला. इक्बालभाई माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "मॅडम, माफ करा. तेव्हा मी एक फोटो काढला होता. तुम्ही रागवाल म्हणून दाखवला नाही." त्यांनी फोन पुढे दिला. तो भिंतीवरच्या पडद्याला जोडला गेला, आणि सगळ्या सभेनं पाहिलं. चिखलात बसलेली मी, एक चप्पल लांब उडालेली, आणि शेजारी पोट धरून हसणारी अक्का. खाली तारीख आणि वेळ. आयुष्यात माझा इतका वाईट फोटो कुणी काढला नसेल, आणि इतका कामाचाही.

हशा उसळला. चौधरी सर मात्र हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, आपला फोन घेतला आणि ते बाहेर गेले. पाच-सात मिनिटांनी परत आले तेव्हा चेहरा उतरला होता. ते बसले नाहीत.

"मी आत्ता आमच्या पाहणी करणाऱ्याशी बोललो," ते म्हणाले. "तो तिकडे कधीच गेला नव्हता. यांच्या नोंदी त्यानं घरी बसून उतरवल्या आणि पाहणी म्हणून माझ्या हातात ठेवल्या. उन्हाळ्याची तारीख त्याची, आख्यायिका त्याची. मी तपासलं नाही. पुस्तिकेवर नाव माझं आहे, म्हणजे चोरी माझी आहे." मग ते माझ्याकडे वळले. "मॅडम, तुमच्याबद्दल मी जे लिहिलं ते सगळ्यांसमोर लिहिलं. माफीही सगळ्यांसमोर मागतो. मला क्षमा करा."

माझ्याहून पंचवीस वर्षांनी मोठा माणूस हात जोडून उभा होता. मी काय बोलले ते मला आठवत नाही. टाळ्या आठवतात. आणि त्याहून जास्त आठवतं ते पुढचं. नाशिकच्या बाईंनी तिथेच, पडद्यावर, आमच्या झाकलेल्या नोंदी उघडायला घेतल्या. हिरव्या रंगात एक रेघ उमटली, मग दुसरी. मुकी आली. बैलबसनी आली. एकेक पाडा आपल्या जागी येऊन बसला. अक्काला अक्षर येत नाही, पण ती उठून पडद्यापाशी गेली आणि ओढ्याच्या एका वळणावर बोट ठेवून म्हणाली, "आठे सविताना बाप जन्मना."

मी तिथून सविताच्या शेजाऱ्यांच्या मोबाइलवर फोन लावला. ती आली. मी तिला म्हणाले, "नाही केली कॉपी. नकाशा उघडून बघ." पलीकडून तिनं अशी किंकाळी फोडली की शेजारची कुत्री भुंकायला लागली.

परतताना आम्ही तिघं टेम्पोत पुढेच बसलो. मधे अक्का. साक्रीच्या पुढे शेतांत वेचणी आटोपत आली होती, बोंडांतला शेवटचा कापूस उन्हात चमकत होता. मी इतकी खुशीत होते की इक्बालभाईंनी लावलेल्या गाण्यावर मान डोलवत होते. तेव्हा अक्का म्हणाली, "मास्तरीन, एक इचारू का? नावं मी सांगात. भाऊनी गाडी चालाडी. तू लिखं. मंग त्या नकाशाम्हा कोनं नाव शे?"

माझी मान थांबली. प्रत्येक नोंदीखाली 'आधार' म्हणून एक रकाना असतो. त्यात मी सगळीकडे लिहिलं होतं, प्रत्यक्ष पाहणी. खोटं नव्हतं. पण अक्काचं नाव कुठेही नव्हतं. मी चौधरी सरांकडून माफी घेऊन येत होते, आणि इथे माझ्या शेजारी, माझ्या खांद्याला खांदा लावून, जिच्याकडून मी सगळं घेतलं होतं ती बाई बसली होती.

"चुकलं, अक्का," मी म्हणाले. "तुमचं नाव लिहू?"

"लिख ना. पन देवळीपाडानी नावं मन्ही नहीत. ती माले भिकाआबानी सांगात. तेस्नं नाव लिख."

सभागृहात दोन तास आम्ही शिकली-सवरली माणसं कुणाचं काय यावर भांडत होतो. आणि आपलं काय, दुसऱ्याचं काय हे इतकं चोख मला सांगितलं ते शाळेत कधी न गेलेल्या सुईणीनं. पुढच्या आठवड्यात मी एकेक नोंद पुन्हा उघडली. जमनाअक्का, आंबापाडा. भिकाआबा, देवळीपाडा. वाट, इक्बालभाई पिंजारी. ते टाइप करताना मला जो आनंद झाला तो धुळ्याच्या टाळ्यांनी झाला नव्हता.

आता मी पाचोऱ्यात आहे, बदली होऊन. सविता परिचारिकेचं शिक्षण घेते आहे आणि सुटीला घरी गेली की नकाशात भर घालते. गेल्या महिन्यात तिनं मुकीवरचा नवा साकव घातला. आधार म्हणून लिहिलं होतं, 'मी स्वतः ओलांडला.' बाबांना वाचून दाखवलं तर ते म्हणाले, "पोरगी नीट लिहिते."

त्या हिवाळ्यातला शेवटचा प्रसंग मात्र राहिलाच. थंडी संपत आली होती. मोहाची पानं पिवळी पडायला लागली होती. एके रविवारी आंबापाड्यावर चौधरी सर आले. सोबत कुणी नाही, गाडी खाली ठेवून चढ चालून आलेले, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. पुस्तिका त्यांनी मागे घेतली होती. बगलेत कागदाची एक मोठी गुंडाळी होती. आमच्या नोंदींवरून त्यांनी सातही पाड्यांचा मोठा नकाशा छापून आणला होता, कोपऱ्यात आम्हां सगळ्यांची नावं घालून. त्यांनी तो सविताच्या अंगणात पसरला आणि चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले.

बायका जमल्या, पोरं जमली. आधी सगळे लांबूनच पाहत होते. मग एकीला आपली विहीर सापडली, दुसरीला माहेरचा पाडा. आवाज वाढत गेला. नव्वदीचे भिकाआबा काठी टेकत आले, वाकले आणि कागदावरच्या एका रिकाम्या पांढऱ्या जागेवर त्यांनी बोट ठेवलं.

"आठे बठ्ठं कोरं कसं? आठे मन्हा बापनं वावर शे. त्या वावरले काय म्हनतस, सांगू?"

मी पिशवीत वही शोधू लागले. पण त्याआधीच चौधरी सर मातीत गुडघे टेकून बसले होते. खिशातलं पेन त्यांच्या हातात होतं.

"सांगा, आबा," ते म्हणाले. "सावकाश सांगा. मी लिहितोय."